रिमोटच्या गाडीचा पल्ला कां तुटतो ?

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वस्तुप्रदर्शनाच्या दिवशीं मैदानावर एक लहानसा प्रसंग घडला. आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपली रिमोटची मोटारगाडी चालवून दाखविण्यास आणली होती. तिचीं चाकें, मोटर व बिनतारी यंत्रें विकत घेतलेलीं होतीं. परंतु वरचें कवच मात्र त्याच्या वडिलांनीं स्वतःच्या हातानें घडविलें होतें. ते उद्यमनगरांत लेथवर काम करतात. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून, वळवून व घांसून त्यांनीं असा सुबक घाट आणला होता कीं, येणारा प्रत्येक जण ती गाडी हातांत घेऊन पाही. गाडी सुरू झाली. दहा-बारा पावलें डौलानें गेली. आणि मग रिमोटचें कांहींएक न ऐकतां तशीच सरळ पुढें जाऊन खालीं बसलेल्या लहान मुलांच्या रांगेंत शिरली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. पण मुलें हंसलीं आणि त्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. वडील मागेंच उभे होते. "माझाच पत्रा जड झाला असेल," एवढेंच ते म्हणाले. आणि घरीं गेल्यावर तें कवच काढून टाकावयाचें असें बापलेकांनीं तेथल्या तेथें ठरविलें.

तो निश्चय एक आठवडा लांबणीवर टाकावा, अशी मीं त्यांस विनंति केली. त्या आठवड्यांत आम्हीं काय शोधलें व कसें शोधलें, हें येथें सांगावयाचें आहे. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं अशा गाड्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच गाड्या एखादा क्षुल्लक दोष न सांपडल्यामुळें माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत. त्यांच्या उपयोगीं ही हकीकत पडेल अशी आशा आहे.

प्रथम पल्ला म्हणजे काय तें पाहूं. चैत्रांत जोतिबाच्या यात्रेंत एखादा बाप गर्दींत पुढें गेलेल्या मुलास हांक मारतो, आणि ती त्या मुलास ऐकूं येत नाहीं. याचीं कारणें किती असूं शकतील ? बापाचा आवाज बसलेला असेल. मुलाच्या कानांत बोळे असतील. भोंवतीं ढोल-हलगीचा गजर चालला असेल. किंवा दोघांच्या मध्यें एखादी भिंत आली असेल. रिमोटच्या गाडीची गोष्ट अगदीं अशीच आहे. हातांतील रिमोट हा हांक मारणारा, आणि गाडींतील ग्राहक यंत्र हें ऐकणारें. हांक जेथवर स्पष्ट ऐकूं येते तेथवर पल्ला. म्हणून पल्ला हा एकट्या रिमोटचा गुण नव्हे; हांक मारणारा, ऐकणारा व मधली जागा या तिघांचा मिळून तो गुण आहे. हें जो विसरतो तो पल्ला कमी पडतांच नवा रिमोट आणण्यास दुकानांत धांवतो, आणि पुष्कळदां पैसे दवडून पूर्वींच्याच ठिकाणीं परत येतो.

आतां ही हांक कसली, तें सांगितलें पाहिजे. आपण कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ मेगाहर्ट्झवर ऐकतों. याचा अर्थ असा कीं, तेथील एरियलमध्यें वीज एका सेकंदांत १० कोटी २७ लक्ष वेळां मागेंपुढें हेलकावे घेते. त्यामुळें उत्पन्न होणारी लहर प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवते. एका हेलकाव्याच्या अवधींत ती जेवढें अंतर कापते तेवढी तिची लांबी. ती भागाकार करून काढल्यास ३ मीटरांहून किंचित् कमी भरते. जुन्या खेळण्यांतील गाड्या बहुधा २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालत. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ११ मीटर. आजकालच्या चांगल्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तेथें एका सेकंदांत २४० कोटी हेलकावे होतात, आणि लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांब असते.

या आंकड्यांचा उपयोग लगेच दिसतो. एरियलची लांबी लहरीच्या चतुर्थांशाइतकी असली म्हणजे तें त्या लहरीस उत्तम साद देतें. २७ मेगाहर्ट्झसाठीं हा चतुर्थांश पावणेतीन मीटरांचा होतो. एवढी काठी मुलाच्या हातांत कशी द्यावयाची ? म्हणून जुन्या रिमोटांत ओढून लांब करण्याची काठी व तिच्या बुडाशीं तारेचें वेटोळें बसवून तडजोड करीत. २.४ गिगाहर्ट्झचा चतुर्थांश मात्र केवळ ३ सेंटिमीटर. त्यामुळें नव्या रिमोटांचें एरियल आंखूड असतें, आणि कांहींचें तर आंतच दडलेलें असतें.

दुरून बिनतारी आज्ञा देण्याची ही विद्या अलीकडची आहे असें कोणी समजूं नये. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें विद्युल्लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढें १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली. आपल्या मुलांच्या हातांतील गाडी ही त्या नावेचीच वंशज होय.

आतां दोष शोधण्याकडे वळूं. आरंभींच दोन नियम घालून घेतले पाहिजेत. पहिला, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. सेल बदलले, एरियल सरळ केलें आणि मैदानहि बदललें, आणि गाडी चालूं लागली, तर कोणत्या उपायानें गुण आला हें कधींच कळत नाहीं. दुसरा, अंदाजानें बोलूं नये. पावलें मोजावीं आणि वहींत लिहावीं. एकानें रिमोट घेऊन ठरलेल्या रेघेवर उभें राहावें, दुसऱ्यानें गाडी हातांत उचलून मागें मागें जावें, आणि पुढील चाकें डावी-उजवीकडे वळण्याचीं जेथें थांबतील तेथें खूण करावी. असें तीनदां करून मधला आंकडा घ्यावा. प्रयोग रस्त्यापासून दूर करावा, हें सांगणें नकोच. आम्हीं जमिनीवर गाडी ठेवून मोजलें तेव्हां पहिला आंकडा आला तो १२ पावलांचा.

सर्वांआधीं गाडी खरोखर रेडिओवर चालते कीं नाहीं, हें पाहावें. कांहीं स्वस्त खेळणीं दूरदर्शनच्या रिमोटप्रमाणें अदृश्य प्रकाशावर चालतात. तीं घरांत चांगलीं धांवतात आणि उन्हांत नेतांच बहिरीं होतात. कारण सूर्यप्रकाशांतील तसल्याच किरणांनीं त्यांचे डोळे दिपतात. अशा रिमोटच्या टोंकाशीं मोबाइलचा कॅमेरा धरून कळ दाबली तर पुष्कळदां पडद्यावर जांभळट उजेड दिसतो. तो दिसला म्हणजे पुढची सर्व खटपट वांचली. त्या खेळण्याची जागा घरांतच.

त्यानंतर सेल. नवा कोरडा सेल दीड व्होल्टचा, तर पुन्हां पुन्हां भरतां येणारा निकेलचा सेल सुमारें सव्वा व्होल्टचा असतो. दीड व्होल्टचे चार सेल गृहीत धरून बनविलेल्या यंत्रांत सव्वा व्होल्टचे चार घातले, तर सहा व्होल्टांच्या ऐवजीं जेमतेम पांच मिळतात, आणि कांहीं रिमोटांची हांक तेवढ्यानेंच क्षीण होते. नवे व जुने सेल एकत्र घालूं नयेत. सेलच्या खोबणींतील स्प्रिंगा नीट पाहाव्या. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते कीं, खोबणींत विसरलेला सेल पाझरून स्प्रिंगेवर पांढरा किंवा हिरवट थर चढतो. सेल काढून, कापडास किंचित् लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून तो थर पुसावा, मग ओल पूर्ण वाळूं द्यावी आणि अगदीं बारीक पॉलिश पेपरनें धातु उजळ करावी. हें काम वडील मंडळींच्या देखत करावें व नंतर हात धुवावे. आम्हीं नवे सेल घातले. १२ पावलांचीं १३ झालीं. दोष येथें नव्हता.

गाडींतील बॅटरीचा दोष निराळ्या रीतीनें प्रकट होतो. मोटर सुरू होतांना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढते. बॅटरी जुनी असेल तर त्या क्षणीं तिचा दाब कोसळतो आणि ग्राहक यंत्रास मूर्च्छा येते. म्हणून गाडी हळू चालवितांना नीट ऐकत असेल, आणि वेग वाढवितांच अडखळत असेल, तर तो पल्ल्याचा दोष नव्हे, बॅटरीचा होय. आम्हीं बॅटरी पूर्ण भरून घेतली. आंकडा तोच राहिला.

मोटर आणखी एका मार्गानें घात करते. साध्या मोटरींत ब्रश व फिरता भाग यांच्यामध्यें बारीक ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी ही एक बेसूर विद्युल्लहर असते. मोटर ग्राहक यंत्राशेजारींच असल्यामुळें तिचा गलबला दूरच्या रिमोटच्या हांकेवर मात करतो. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या गाड्यांस हा त्रास विशेष. नव्या पद्धतीच्या गाड्यांस पुष्कळ कमी. उपाय असा कीं, मोटरीच्या दोन टोंकांमध्यें एक, आणि प्रत्येक टोंकापासून मोटरीच्या धातूच्या अंगास एकेक, असे तीन लहान कपॅसिटर डाख देऊन जोडावे. मोटरीच्या दोन तारा एकमेकींस पिळून घ्याव्या. आणि ग्राहकाचें एरियल त्या तारांपासून शक्य तेवढें दूर ठेवावें.

हें शेवटचें तत्त्व आपल्या महाराष्ट्रांत एकदां फार मोठ्या प्रमाणावर पाळलें गेलें होतें. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी संदेशांची 'बीम' सेवा सुरू झाली. तिचें संदेश पाठविण्याचें ठाणें पुण्याजवळ खडकीस होतें. परंतु इंग्लंडहून येणारे संदेश घेण्याचें ठाणें खडकीस न ठेवतां दूर दौंडास उभारलें होतें. इंग्लंडांतहि तसेंच, पाठविणें ग्रिम्स्बीजवळून व घेणें स्केग्नेसजवळ. हजारों मैलांवरून आलेली हांक अत्यंत क्षीण असते. शेजारींच आपलें बलाढ्य यंत्र गर्जत असेल तर ती ऐकूं येणें कठीण. खडकी आणि दौंड यांमधील कित्येक कोसांचें अंतर आणि आपल्या गाडींतील मोटर व एरियल यांमधील चार बोटांचें अंतर, या दोहोंच्या मागें विचार एकच.

आमच्या गाडींत हा दोष आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं आम्हीं मोटरीची तार काढून ठेवली आणि केवळ चाकें वळविण्याची आज्ञा देऊन पावलें मोजलीं. आंकडा बदलला नाहीं. मोटर निर्दोष ठरली.

बाहेरचा गोंगाटहि असूं शकतो. जुन्या पद्धतींत दोन मुलांच्या गाड्या एकाच कंपनसंख्येच्या असल्या म्हणजे एकाच्या रिमोटनें दुसऱ्याची गाडी पळे. नव्या पद्धतींत रिमोट व ग्राहक यांची प्रथम गांठ घालून द्यावी लागते, आणि मग ते एकमेकांचीच भाषा ओळखतात. परंतु २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत घरोघरचें वायफाय असतें, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीहि त्याच सुमारास चालते. म्हणून घराजवळ मोजलेला पल्ला व उघड्या माळावर मोजलेला पल्ला यांत अंतर पडतें. आम्हीं शाळेच्या इमारतीपासून दूर, मैदानाच्या पार कडेस जाऊन मोजलें; १४ पावलें आलीं.

यानंतर जमिनीचा विचार. पन्हाळ्याच्या तटावर उभें राहिलें म्हणजे दूरवरचा मुलूख दिसतो. गडाच्या आडोशास खोलगट जागीं उतरलें कीं मोबाइलसुद्धां अडखळूं लागतो. गाडीचें एरियल तर भुईपासून चार बोटांवरच असतें. रिमोटकडून सरळ येणारी लहर व जमिनीवर आपटून येणारी लहर तेथें एकमेकींस मारक होतात. उघड्या आकाशांत अंतर दुप्पट झालें तर लहरीची शक्ति चतुर्थांश होते. परंतु जमिनीलगत, ढोबळ मानानें, ती सोळावा हिस्साच उरते. उलट बाजूनें पाहिल्यास, पल्ला दुप्पट करण्यास रिमोटची शक्ति सोळापट करावी लागेल. पण तेंच काम गाडीचें एरियल चौपट उंच केल्यानेंहि होतें. म्हणून शक्ति वाढविण्याच्या नादीं लागूं नये. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारनें २००५ च्या नियमांनीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केला तो शक्तीची मर्यादा घालूनच. ती ओलांडणारीं जोडयंत्रें लावणें हा शेजाऱ्यावर अन्याय व नियमांचा भंग होय. ओलें गवत, झुडपें आणि मधें उभीं असलेलीं माणसेंहि या आंखूड लहरी शोषून घेतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आम्हीं गाडी उंच तिवईवर ठेवली. २० पावलें आलीं. कांहींतरी हातीं लागत होतें, पण पुरतें नव्हे. त्याच गाडीच्या वेष्टनावर छापलेला पल्ला याच्या कितीतरी पट होता.

शेवटीं एरियल. रिमोटचें एरियल उभें धरावें. त्याचें टोंक गाडीवर रोखूं नये. पुष्कळ मुलें बंदुकीचा नेम धरल्याप्रमाणें तें रोखतात. परंतु अशा काठीच्या टोंकाकडून फारच थोडी लहर निघते, ती निघते अंगाच्या चहूंबाजूंनीं. गाडींतील एरियलची तार कापूं नये, गुंडाळूं नये, आणि धातूस चिकटवूं नये. नव्या ग्राहकांत तारेचा शेवटचा सुमारें ३ सेंटिमीटर भागच लहर झेलतो. मागचा भाग आवरणाखालीं असतो. तो शेवटचा तुकडा आमच्या गाडींत कोठें होता ? पत्र्याच्या कवचाच्या आंत, छताला चिकटून.

आम्हीं कवच उतरविलें, गाडी जमिनीवर ठेवली आणि मोजूं लागलों. चाळीस, पन्नास, साठ पावलें झालीं, मैदानाची भिंत आली, तरी चाकें वळतच होतीं. पण वडिलांचें म्हणणें अजून खोडलें गेलें नव्हतें. कवच निघाल्यानें वजनहि कमी झालें होतेंच. म्हणून मुलानें स्वतःच एक युक्ति काढली. कवचाच्या वजनाचा एक धोंडा तराजूंत तोलून त्यानें गाडीवर बांधला. पुन्हां मोजलें, पुन्हां भिंतीपर्यंत. दोष वजनाचा नव्हता. धातूंतील वीजकण येणाऱ्या लहरीबरोबर हालतात व तिला मागें परतवितात; त्यामुळें कवचाच्या आंत लहर शिरूं शकत होती ती केवळ खालच्या उघड्या बाजूनें, आणि ती बाजू होती जमिनीस लागून.

मग कवच टाकून द्यावयाचें काय ? मुळींच नाहीं. वडिलांनीं त्यास मागच्या बाजूस एक लहानसें भोंक पाडलें, त्याची धार घांसून काढली, त्यांत रबराची चकती बसविली, आणि प्लॅस्टिकच्या बारीक नळींतून एरियलचें टोंक पत्र्याच्या वर उभें काढलें. कवच पूर्ववत् बसवून मोजलें तों ५५ पावलें. बारा पावलांची गाडी पंचावन्नावर गेली, ती एका भोंकानें.

आणखी एक दोष राहिला होता, आणि माझ्या मतें तो अधिक गंभीर होता. हांक ऐकूं येईनाशी झाल्यावर गाडी थांबली कां नाहीं ? बहुतेक चांगल्या यंत्रांत संबंध तुटतांच मोटर बंद करण्याची योजना असते; पण ती लावून घ्यावी लागते. आमच्या गाडींत शेवटची आज्ञाच पुढें चालूं ठेवण्याची योजना लागलेली होती; म्हणून ती मुलांच्या रांगेंत शिरली. पुस्तिका वाचून ती बदलली. याची परीक्षा अशी करावी : गाडी ठोकळ्यावर ठेवून चाकें अधांतरीं फिरूं द्यावीं आणि रिमोट बंद करावा. चाकें तत्काळ थांबलीं पाहिजेत. तीं थांबत नाहींत तोंवर ती गाडी मैदानांत नेऊं नये. पल्ला कितीहि वाढविला तरी तो कोठेंतरी संपणारच. तो संपल्यावर काय होईल याची तजवीज आधींच केली पाहिजे.

पालकांस एक विनंति आहे. मुलाचें खेळणें बिघडलें म्हणजे तें फेंकून देण्यापूर्वीं किंवा नवें आणण्यापूर्वीं एखादी संध्याकाळ त्याच्याबरोबर खडू व वही घेऊन मैदानावर घालवावी. आणि विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, दोष कोणाचा हें मनानें ठरवूं नका. त्या दिवशीं एका चांगल्या कारागिरानें दोष आपल्या पत्र्याच्या वजनावर घेतला होता. आणि मोजल्यावांचून तेंच खरें मानलें असतें, तर त्याच्या हातचें सुंदर काम अडगळींत गेलें असतें. ती गाडी यंदाच्या प्रदर्शनांत पुन्हां धांवली. तिच्याशेजारीं टेबलावर ती पावलांची वहीहि उघडून ठेवली होती. आणि तो धोंडासुद्धां.